केज येथील एका बंदुकीचा ‘पाठ’

केज येथील एका संग्रहांतील बंदुकीवर ‘निजामी लष्कराची मूळ रायफल’ अशी चिठ्ठी आम्हीं पाहिली. केज 1948 पर्यंत निजामाच्या राज्यांत होतें, एवढ्यावरून बंदूक निजामी ठरत नाहीं. ‘मूळ’ तर नाहींच. सांगाडा ली-एन्फील्डचा खरा, पण नळी .410 ची गुळगुळीत असून काडतुसांच्या पेटीच्या जागीं लांकडी ठोकळा आहे. म्हणजे पोलीस व पहारेकऱ्यांसाठीं इशापूरच्या कारखान्यानें केलेली ही एकबारी मस्केट होय. तिचें काडतूस .303 च्या काडतुसाची मान न आवळतां बनविलेलें, सुमारें सव्वादोन इंची. येथें मात्र काडतुसाचें घर पुढें कोरून 3 इंची शिकारी काडतूस बसविण्याची सोय केली आहे. कोरणीच्या वळ्या स्पष्ट दिसतात.

पोथींत ओळ खरवडून दुसरी लिहिली तर आपण तीस प्रक्षेप म्हणतों. कारखान्याचा बदल हा या बंदुकीचा इतिहासच. दुसरा हात बेनामी, आणि त्यानें जुन्या घराचें मापच नाहींसें केलें. खरवडलेलें अक्षर तिरप्या उजेडांत क्वचित् लागतें, कोरलेलें पोलाद लागत नाहीं. चिठ्ठीवर ‘इशापुरी मस्केट, घर मागाहून वाढविलेलें’ असें लिहावें.