बारा वर्षांचा वाचक, सहा वर्षांचं पुस्तक

मराठीत मुलांसाठी चांगली पुस्तकंच नाहीत, ही तक्रार साहित्य संमेलनांत अजून ऐकू येते. ती आता खरी राहिलेली नाही. ज्योत्स्ना प्रकाशनाने माधुरी पुरंदरे यांचे ‘राधाचं घर’ आणि ‘यश’ हे संच काढले आणि चित्र, मजकूर व कोरी जागा यांचा एकत्र विचार करणारं पुस्तक मराठीत रुळलं. पुरंदरे यांना २०१४ साली साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कारही मिळाला. २००४ साली सुरू झालेल्या प्रथम बुक्सने स्वस्त सचित्र पुस्तकं शाळाशाळांत पोचवली आणि २०१५पासून ‘स्टोरीवीव्हर’वर गोष्टींचा मोठा साठा फुकट खुला केला. नॅशनल बुक ट्रस्टची नेहरू बाल पुस्तकालय माला आहे. बालभारतीचं ‘किशोर’ १९७१पासून निघतं आहे आणि त्याचे जुने अंकही आता मोबाइलवर वाचता येतात. तेव्हा संख्येचं किंवा देखणेपणाचं रडगाणं पुरे. अडचण वेगळीच आहे. पुस्तकाची वाचनपातळी आणि त्यातल्या आशयाचं वय ही दोन्ही आपण एका दाव्याला बांधून टाकली आहेत. सोपं पुस्तक म्हणजे लहान मुलाचं पुस्तक, हे आपल्याकडे इतकं गृहीत आहे की उशिरा वाचू लागलेल्या मोठ्या मुलासाठी या कपाटात जवळजवळ काहीच सापडत नाही. आणि अहिल्यानगरसारख्या जिल्ह्यात अशी मुलं म्हणजे काही तुरळक अपवाद नव्हेत.

वाचनालयांच्या बाबतीत हा जिल्हा मागासलेला मुळीच नव्हे. नगरचं जिल्हा वाचनालय १८३८ सालचं. ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक १८४२ साली याच शहरात सुरू झालं. मुलांसाठी कविता लिहिणाऱ्या रेव्हरंड टिळकांचं कितीतरी आयुष्य इथेच गेलं. पण छापील अक्षराचा हा वारसा जिल्ह्याच्या चौदा तालुक्यांत सारखा झिरपलेला नाही. पाथर्डी, शेवगाव, जामखेड या पट्ट्यातली कुटुंबं दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीला बाहेर पडतात ती उन्हाळा लागताना परततात. मूल बरोबर गेलं तर शाळेचं निम्मं वर्ष फडावर जातं. सहकारी साखर कारखानदारीचा आरंभ १९५० साली याच जिल्ह्यात, प्रवरेच्या काठी झाला, हे आपण अभिमानाने सांगतो. त्या उसाच्या तोडीची किंमत वाचनाच्या खात्यावरही पडते, हे मात्र सहसा सांगत नाही. साखरशाळा झाल्या, हंगामी वसतिगृहं झाली, त्यांनी गळती थोडी अडवली. अर्ध्यावर सुटलेली बाराखडी मात्र त्यांनी आपोआप पूर्ण होत नाही. दुसऱ्या टोकाला अकोले तालुक्याच्या डोंगरपट्ट्यात महादेव कोळी आणि ठाकर मुलं घरची बोली घेऊन शाळेत येतात आणि पुस्तकातली प्रमाण मराठी त्यांना नव्याने शिकावी लागते. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याने अशा मुलांना वयानुरूप वर्गात बसवण्याची सोय केली. ते योग्यच होतं. अकरा वर्षांच्या मुलीला दुसरीत बसवणं म्हणजे तिला घरी पाठवण्याचाच लांबचा रस्ता. कायद्याने तिच्यासाठी विशेष प्रशिक्षणही सांगितलं. पण पाचवी-सहावीत बसलेल्या या मुलीला जोडाक्षराशी अडखळत का होईना, शेवटापर्यंत वाचून होईल आणि वाचताना तिचा अपमानही होणार नाही, असं पुस्तक छापायला कोणी बसलं नाही.

पातळ्या ठरतात कशा, ते पाहिलं की ही फट कुठून आली हे कळतं. स्टोरीवीव्हरच्या चार पातळ्यांत पहिलीला साधारण अडीचशे शब्दांपर्यंतचा मजकूर, दुसरीला सहाशेपर्यंत, तिसरीला दीड हजारापर्यंत आणि त्यापुढे चौथी असा हिशेब आहे. सोपे शब्द, पुनरावृत्ती, वाक्याची लांबी यांचाही विचार त्यात होतो. एनसीईआरटीच्या २००८ सालच्या ‘बरखा’ या हिंदी मालेत चाळीस छोट्या गोष्टी चार स्तरांत बसवल्या होत्या. ही मांडणी उपयोगाची आहे. ती नव्हती तेव्हा शिक्षक हाताला येईल ते पुस्तक मुलापुढे टाकत. पण मराठी वाचनाची अवघडता शब्द मोजून फारशी कळत नाही. ‘ऊस गोड आहे’ या वाक्यात तीन शब्द आहेत, आणि ‘शाळेजवळच्या विहिरीतल्या कासवासारखं’ यातही तीनच. दुसऱ्या शब्दसमूहात प्रत्येक नामाच्या पाठीवर एकेक दोनदोन प्रत्यय बसलेले आहेत आणि नवा वाचक शेवटच्या अक्षरापर्यंत पोचेतो पहिलं विसरलेला असतो. ‘विद्यार्थ्यांना’ हा एकच शब्द घ्या: दोन जोडाक्षरं, त्यातल्या एकावर रफार, वर अनुस्वार. मोजणीत तो एक. मूळ इंग्रजीत किंवा हिंदीत पहिल्या पातळीची असलेली गोष्ट मराठीत येताना तोच आकडा कपाळावर घेऊन येते आणि प्रत्यक्षात दुसरी-तिसरीची होऊन बसते. जुन्या अंकलिप्या कंटाळवाण्या होत्या खऱ्या, पण आधी बिनकान्यामात्र्याचे शब्द, मग काना, मग वेलांटी, सर्वांत शेवटी जोडाक्षर, ही चढण मराठीच्या लिपीतूनच निघालेली होती. नव्या पुस्तकांनी कंटाळा काढला, त्याबरोबर ती चढणही बरीचशी काढून टाकली. ‘असर’ या शैक्षणिक पाहणीच्या वाचन चाचणीत अक्षर, शब्द, पहिलीचा परिच्छेद आणि दुसरीची गोष्ट अशा पायऱ्या असतात. शब्दापाशी थांबलेलं मूल परिच्छेदावर चढताना नेमकं याच ठिकाणी घसरतं.

आता कपाट उघडून पाहू. खालचा कप्पा गच्च आहे आणि त्यातला बराचसा माल उत्तम आहे. राधा, यश आणि त्यांची घरची माणसं, सशाची-हत्तीची-ढगांची पुस्तकं, भुका, झोपा, पाऊस. वरचा कप्पाही रिकामा नाही. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे आहे, ‘तोत्तोचान’चा चेतना सरदेशमुख गोसावी यांनी केलेला प्रवाही अनुवाद आहे, ‘किशोर’मधल्या कथा आहेत. पण त्या वाचायला एका बैठकीत दहा-पंधरा पानं पेलणारा, अस्खलित वाचणारा वाचक लागतो. मधल्या कप्प्यात राजीव तांबे यांच्यासारख्यांनी भर घातली आहे आणि ‘वाचू आनंदे’च्या बालगट व कुमारगट या खंडांनी मराठी साहित्यातले उतारे चित्रांसह मुलांपुढे ठेवण्याचं मोलाचं काम केलं आहे. तरीही हे खंड चांगला वाचक घडल्यानंतरचे आहेत. अडखळणाऱ्याला ते भरजरी वाटतात. इंग्रजीत हा कप्पा प्रकाशकांनी जाणून भरला. भारतातच डकबिल या प्रकाशनाने चित्रपुस्तकातून बाहेर पडणाऱ्या मुलांसाठी छोट्या प्रकरणांची ‘होल बुक्स’ ही मालिका काढली. स्कॉटलंडमध्ये १९९८ साली सुरू झालेल्या बॅरिंग्टन स्टोक या प्रकाशनाने तर एक पाऊल पुढे टाकलं. बारा-तेरा वर्षांच्या मुलाच्या उत्सुकतेचा विषय, आठ वर्षांच्या मुलाला झेपणारी भाषा, डोळ्याला न टोचणारा पिवळट कागद, सुटी अक्षरं आणि नामांकित लेखकांची नावं, असं पुस्तक त्यांनी बनवलं. मुखपृष्ठावरून ते ‘सोपं’ आहे हे शेजारच्या मुलाला ओळखू येत नाही. या युक्तीमागे फार मोठं शास्त्र नाही, वाचकाच्या मानाची जाण तेवढी आहे.

मराठीत असं लिहायला विषय कुठून आणायचे, असा प्रश्न या जिल्ह्यात तरी कोणी विचारू नये. पारनेर तालुक्यातल्या टाकळी ढोकेश्वरजवळ २००९ साली विहिरीत पडलेला एक बिबट्या वन विभागाने बाहेर काढला, गळ्यात पट्टा बांधून माळशेज घाटात सोडला आणि तो सुमारे एकशेवीस किलोमीटर चालत मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानापर्यंत गेला. अभ्यासकांनी त्याचं नाव ‘आजोबा’ ठेवलं. २०१४ साली त्याच्यावर सिनेमा निघाला. विद्या अत्रेय यांनी अकोल्याच्या परिसरात, उसाच्या आणि वस्तीच्या आत-बाहेर राहणाऱ्या बिबट्यांवर केलेलं संशोधन जगभर वाचलं गेलं. संगमनेर, अकोले, राहुरीच्या मुलांना बिबट्या हा जंगलाच्या धड्यातला प्राणी वाटत नाही. रात्री गोठ्याकडे जाताना बॅटरी का लागते, याचं ते कारण आहे. याच अकोल्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी देशी बियाणांची बँक उभी केली. नगरच्या किल्ल्यात चांदबिबी लढली आणि साडेतीनशे वर्षांनी त्याच किल्ल्यात नेहरूंनी तुरुंगवासात ग्रंथ लिहिला. बारा वर्षांच्या मुलाला यातलं काहीही सांगा, तो कान टवकारील. पण हे सगळं आज त्याच्यापर्यंत येतं ते एक तर सामान्यज्ञानाच्या प्रश्नोत्तरांतून किंवा मोठ्यांसाठीच्या वृत्तपत्री गद्यातून. आठशे शब्दांत, आखूड वाक्यांत, जोडाक्षरं जपून वापरत आणि तरीही लाडीक न होता आजोबा बिबट्याची चाल सांगणारं पुस्तक माझ्या मते मराठी लेखकापुढचं आजचं सर्वांत अवघड काम आहे. ‘छोट्या दोस्तांनो’ म्हणत सुरू होणारा सूर इथे चालत नाही. आपले बरेच बालसाहित्यिक त्या सुराबाहेर लिहायला बसले की एकदम निबंधात शिरतात.

यावर पहिला आक्षेप जुन्या वाचकांचा असतो. आम्ही ‘चांदोबा’ वाचून वाढलो, तेव्हा कुठे होत्या पातळ्या? नव्हत्या, हे खरं. पण ही आठवण सांगतात ते सगळे वाचू शकलेले आहेत. ज्यांना ‘चांदोबा’ वाचता येत नव्हता ती मुलं तिसरी-चौथीत शाळा सोडून गुरांमागे गेली आणि त्यांनी बालपणीच्या वाचनावर लेख लिहिले नाहीत. आज ती मुलं वर्गात टिकून आहेत, म्हणून प्रश्न दिसतो आहे. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. पातळी लावली की वाचनाची शिडी होते, मुलं एकमेकांची उंची मोजू लागतात, पुस्तक निवडण्याचा आनंद जातो. रंगांच्या पट्ट्या लावून पुस्तकांची क्रमवारी लावणाऱ्या पद्धती देशात बऱ्याच ठिकाणी आहेत, आणि कोणत्या रंगाचं पुस्तक हातात असलं की आपण ‘मागे’ ठरतो, हे मुलांना चार दिवसांत कळतं. हा धोका मला पूर्ण मान्य आहे. म्हणूनच पातळी ही मुलासाठी नसून पुस्तक देणाऱ्यासाठी असावी. ती दाखल रजिस्टरात असावी, कण्यावर नको. शाळांतून ‘अप्रगत’ हा शिक्का पुसायला आपल्याला किती वर्षं लागली! तो पुस्तकाच्या पाठीवरून मागच्या दाराने परत आणण्याचं कारण नाही.

चित्रपुस्तक सर्व वयांचं असतं, मोठ्या मुलानेही ‘राधाचं घर’ वाचावं की, असंही म्हटलं जातं. कलाकृती म्हणून ते बरोबर आहे; मोठी माणसंही ती पुस्तकं प्रेमाने पाहतात. पण वाचता येणाऱ्याने आवडीने चित्रपुस्तक उघडणं आणि दुसरं काही वाचता येत नाही म्हणून धाकट्या भावाचं पुस्तक हातात धरणं, यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. शब्दाविना चित्रपुस्तकं आणि माहितीपर सचित्र पुस्तकं ही कोंडी काही प्रमाणात सोडवतात. यंत्रं, प्राणी, शेती यांवरची तशी पुस्तकं मोठ्या मुलाच्या हातात विचित्र दिसत नाहीत, आणि ग्रंथपालांनी आज तरी खरेदीत त्यांना वर घ्यावं. मोबाइलवर सगळं फुकट मिळतं हे उत्तर मात्र अपुरं आहे. करोनाच्या काळात ‘गोष्टींचा शनिवार’ हा उपक्रम मोबाइलवरून घराघरांत गेला ही मोठीच गोष्ट झाली, पण घरातला एकमेव फोन संध्याकाळी कोणाच्या हातात असतो हे सांगायला पाहणीची गरज नाही. शिवाय फुकट साठ्यातही मोठ्या वयाची सोपी गोष्ट शोधायची तर पातळीची चाळणी हाताशी असते, वयाची वेगळी नसते.

राहता राहिला बाजार. अशा पुस्तकाला गिऱ्हाईक नाही, असं प्रकाशक सांगतात आणि दुकानापुरतं ते खरंच आहे. ऊसतोड कामगाराचं कुटुंब नगरच्या पुस्तकाच्या दुकानात येणार नाही. पण मराठी बालपुस्तकाचं मोठं गिऱ्हाईक कुटुंब नाहीच, संस्था आहे. समग्र शिक्षा योजनेत २०१८पासून सरकारी शाळेला स्तरानुसार वर्षाला ५,००० ते २०,००० रुपयांपर्यंत ग्रंथालय अनुदानाची तरतूद आहे. १९६७च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली मान्यता मिळालेली गावोगावची वाचनालयं आहेत, कोलकात्याच्या राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानाची मदत आहे. हा पैसा ज्या याद्यांवरून खर्च होतो त्यांत मुलांच्या पुस्तकांना बहुधा ‘बालसाहित्य’ हा एकच रकाना असतो आणि त्याखाली वर्णमालेपासून चरित्रग्रंथापर्यंत सगळं कोंबलेलं असतं. साहजिकच वर्षाअखेरीला गठ्ठा येतो तो थोर पुरुषांच्या चरित्रांचा आणि बोधकथांचा, कारण त्यांवर कोणी हरकत घेत नाही. त्या एका रकान्याचे वय आणि वाचनपातळी असे दोन रकाने केले, तर ‘वय अकरा ते चौदा, भाषा दुसरीची’ या चौकटीत लिहायला नाव सापडणार नाही. ती चौकट रिकामी दिसली की निदान मागणी तरी कागदावर येईल, आणि पाचशे प्रतींची मागणी दिसली तर पुण्या-मुंबईचे प्रकाशक लेखक शोधायला वेळ लावत नाहीत. बाहेरचं साहित्य भाषांतर करून ही चौकट भरण्याचा मोह होईल. पण प्रत्ययांचं आणि जोडाक्षरांचं गणित वर मांडलं आहे, ते भाषांतरात पुन्हा आडवं येईल. म्हणून निदान सुरुवातीची पंधरा-वीस पुस्तकं मराठीतच जन्मायला हवीत, आणि छापण्याआधी ती पाथर्डीच्या सहावीच्या वर्गात नेऊन ठेवायला हवीत.