यशोगाथेच्या पुढचं वर्ष

वेंगुर्ले नगरपरिषदेच्या कचऱ्याची गोष्ट महाराष्ट्राने इतक्यांदा वाचली आहे की ती आता पाठ झाली असेल. रामदास कोकरे मुख्याधिकारी असताना घराघरांत कचरा वेगळा करायची सवय लागली. ओल्या कचऱ्यातून बायोगॅस निघाला, प्लॅस्टिकचा चुरा रस्त्याच्या डांबरात गेला आणि जिथून नाक दाबून पुढे जावं लागायचं ती कचरा डेपोची जागा लोक हौसेने बघायला जाऊ लागले. दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटने दखल घेतली, मराठी दैनिकांनी रविवारची पानं दिली. एका लहान किनारी गावाने मोठ्या शहरांना धडा द्यावा, ही बातमी तेवढ्या जागेच्या लायकीची होतीच.

पुढे कोकरे यांची बदली झाली, ते कर्जतला गेले आणि गोष्टही त्यांच्यामागून गेली. वेंगुर्ल्यात राहिले सफाई कामगार, यंत्रं आणि वर्गीकरणाची रोजची कटकट. अधिकारी गेल्यावर सवय टिकते का, यंत्र बिघडलं तर दुरुस्तीचा खर्च कुठल्या खात्यातून होतो, पर्यटकांचा कचरा गावाच्या शिस्तीत बसतो का, हे खरे प्रश्न तिथून पुढे सुरू होतात. त्यांच्यावर लिहिलेला मजकूर पहिल्या उत्साहाच्या मजकुरापुढे फारच तोकडा आहे. सिंधुदुर्गातल्या शाश्वत विकासाबद्दल आपल्याकडे जे लिहिलं आणि दाखवलं जातं, त्या सगळ्याकडे बघताना हीच गोष्ट मला वारंवार सलते. उपाय जन्मला की आपण बारशाला जातो, पाचव्या वर्षी त्याची तब्येत विचारायला जात नाही.

न्यूयॉर्कमध्ये २०१३ साली सोल्यूशन्स जर्नालिझम नेटवर्क ही संस्था उभी राहिली. उपाय सांगायचा, त्यातून इतरांना काय घेता येईल ते सांगायचं, तो चालतो याचा पुरावा द्यायचा आणि तो कुठे अडतो हेही लपवायचं नाही, अशी चार पथ्यं तिने बातमीदारांपुढे ठेवली. मराठीत पहिली दोन आपण मनापासून पाळतो. तिसऱ्याला आकडे पुरेसे नसतात. चौथं जवळपास गायबच असतं.

याचं एक कारण यशोगाथा या साच्यात आहे. २००५ साली सुरू झालेल्या 'ॲग्रोवन'ने तो घडवला आणि घरोघरी नेला. एखाद्या शेतकऱ्याने काय लावलं, पाणी कसं दिलं, खर्च वजा जाता हातात काय उरलं, हे त्याच्याच तोंडून लिहिणारं रोजचं दैनिक ही मराठीची कमाई आहे. त्या यशोगाथांत जमाखर्च असायचा, म्हणून वाचक विश्वास ठेवायचा. हाच साचा किनाऱ्यावर आला तेव्हा मात्र त्यातला जमाखर्च गळाला आणि फेटा तेवढा उरला.

वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीतली कांदळवन सफर घ्या. २०१२ च्या आसपास केंद्र सरकार, यूएनडीपी आणि राज्याचा कांदळवन कक्ष यांनी सिंधुदुर्ग किनाऱ्यासाठी जैवविविधतेचा प्रकल्प हाती घेतला. त्यातून खेकडे आणि कालवं वाढवणं, चौकोनी आसाच्या जाळ्यांतून लहान मासळी सुटू देणं, असे बरेच प्रयोग झाले. स्वामिनी बचत गटाच्या महिलांनी वल्ही हातात घेऊन पर्यटकांना खाडी दाखवायला सुरुवात केली, ती या घडामोडीतली सर्वांत देखणी गोष्ट. तिच्यावर मराठी, हिंदी, इंग्रजीत भरपूर लिहून आलं, चित्रफिती झाल्या. बहुतेकांत बायका होडीत, हिरवी खाडी, अभिमानाची दोन वाक्यं. त्या अभिमानाबद्दल मला आदर आहे, म्हणूनच पुढचं वाचायची भूक आहे. पावसाळ्यात होडी बांधून ठेवलेली असते तेव्हा घर कशावर चालतं? मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ या किनाऱ्याला घासून गेलं, त्याआधी कोविडने पर्यटन बंद पाडलं होतं, ती दोन वर्षं गटाने कशी काढली? खेकडापालन ज्यांनी सोडून दिलं, त्यांनी का सोडलं? सोडून देणाऱ्याची मुलाखत घेणं हे या लेखनातलं सर्वांत उपयोगी काम आहे आणि ते कोणी करत नाही.

मासेमारीच्या बाबतीत चित्र उलटं आहे. इथे पाठपुरावा आहे, पण त्याला उपायाची पत्रकारिता म्हणायला कोणी तयार नाही. १९८७ मध्ये सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासचा सुमारे २९ चौरस किलोमीटर समुद्र सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला आणि मच्छीमारांचा विरोध आजतागायत मिटला नाही. पर्ससीन जाळी लावणाऱ्या यांत्रिक बोटी आणि पारंपरिक मच्छीमार यांचा झगडा मालवण बंदराने अंगावर झेलला. ५ फेब्रुवारी २०१६ च्या आदेशाने पर्ससीनला सप्टेंबर ते डिसेंबर एवढीच मुभा उरली आणि परवाने टप्प्याटप्प्याने १८२ वर आणायचं ठरलं. एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर केंद्राने २०१७ मध्ये बंदी घातली, २०२१ मध्ये राज्याच्या कायद्यात दंड वाढले. ही प्रत्येक पायरी मालवण-देवगड-वेंगुर्ल्यातल्या बातमीदारांनी जिल्ह्याच्या पानावर रोजच्या रोज नोंदवली. कोणत्या रात्री दिवे दिसले, गस्तीनौका होती की नव्हती, पकडलेल्या बोटीचं पुढे काय झालं, हे तिथेच कळतं. मुंबई-पुण्याच्या पुरवण्यांना त्यात 'सकारात्मक' काही दिसत नाही, कारण त्यात भांडण आहे. माझ्या मते या किनाऱ्याच्या भविष्याबद्दलचं सर्वांत जबाबदार लेखन याच भांडणाच्या बातम्यांत सापडतं. समुद्रात मासळी टिकवायचा उपाय म्हणजे नियम आणि तो पाळायला लावणारा माणूस. त्याचं छायाचित्र छान येत नाही, एवढंच.

आणि रापण? होडीतून जाळं अर्धवर्तुळात सोडायचं, दोन्ही दोर किनाऱ्यावरून ओढायचे, आलेली मासळी सगळ्यांदेखत विकायची आणि जाळ्याचा, होडीचा, ओढणाऱ्या प्रत्येकाचा वाटा तिथेच मोजून द्यायचा. भांडवल, श्रम आणि हिशेब यांची इतकी उघडी व्यवस्था किनाऱ्यावर आधीपासून आहे. चित्रफितींत ती 'लुप्त होणारी परंपरा' म्हणून येते, मागे बासरी वाजते. तिचं अर्थकारण नीट मांडणारा एक लेख मला शंभर हवाई दृश्यांपेक्षा मोलाचा वाटेल.

पडद्यावर मात्र गेल्या काही वर्षांत खरोखर नवं घडलंय. लकी कांबळी यांच्या 'मालवणी लाइफ'ने किनाऱ्यावरचे रोजचे व्यवहार, पदार्थ, मासेमारी मालवणी माणसाच्या नजरेतून दाखवली. प्रसाद गावडे यांचं 'कोकणी रानमाणूस' त्याहून पुढे गेलं. अभियांत्रिकी शिकलेला हा तरुण सावंतवाडी-दोडामार्गच्या रानात उभा राहून बोलतो. देवराई, झरे, रानभाज्या, मातीचं घर, गावातच राहून पर्यटनावर पोट भरायची शक्यता, हे सगळं तो हाताने दाखवतो. आणि महत्त्वाचं म्हणजे खाणी आणि महामार्ग यांच्याबद्दल तो गप्प बसत नाही. दोडामार्गातलं कळणे गाव २००९ पासून खाणीविरुद्ध लढलं. जुलै २०२१ मध्ये त्याच खाणीची कडा फुटून चिखलपाणी वस्तीत आणि बागायतीत घुसलं. ज्या मुलखाने हे पाहिलंय, तिथे झऱ्याचं सौंदर्य दाखवणं ही राजकीय कृती असते, आणि गावडे यांना ते कळतं.

माझी हरकत वेगळी आहे. या फिती बघणाऱ्यांत मुंबई-ठाण्यातला चाकरमानी मोठा. त्याच्या मनात गाव जागं होतं ही कमाई खरी, पण त्याच फिती पाहून जमीन शोधणारा दलालही फिरकतो. दाखवलेल्या ओढ्यावर पुढच्या सुट्टीत किती गाड्या आल्या, गावाने काय ठरवलं, किती घरांना पैसा मिळाला, याचा सलग पाठलाग अजून कोणी केलेला नाही. तो करण्याइतकी गावातली ओळख याच मंडळींकडे आहे, म्हणून अपेक्षा त्यांच्याकडूनच.

जे स्वतः काम करतात आणि लिहितात, त्यांच्याकडे मर्यादांबद्दलचा प्रामाणिकपणा जास्त सापडतो. दापोलीजवळच्या कुडावळ्यातून दिलीप कुलकर्णी यांनी चालवलेलं 'गतिमान संतुलन' हे छोटं मासिक कोणाला खूश करायला निघालं नाही. गरजा कमी केल्याशिवाय कुठलाही उपाय पुरणार नाही, हे कडू औषध त्याने वाचकाला पाजलं. कुडाळजवळ झारापला डॉ. प्रसाद देवधर यांच्या भगीरथ प्रतिष्ठानाने घरोघरी बायोगॅस उभे केले. तिथला प्रश्न अगदी साधा असतो: गोठ्यात जनावर आहे का आणि शेण रोज कोण कालवणार? तंत्रज्ञानाच्या गोष्टी लिहिणाऱ्याने हा प्रश्न आधी विचारावा.

बाळशास्त्री जांभेकर सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्याच पोंभुर्ल्याचे. ६ जानेवारीला सगळे त्यांच्या 'दर्पण' या वृत्तपत्राची आठवण काढतात. १८४० मध्ये त्यांनी काढलेल्या 'दिग्दर्शन' मासिकाची आठवण क्वचितच निघते. भूगोल, रसायन, पदार्थविज्ञान असे विषय मराठी वाचकाला समजावून सांगणारं ते मासिक होतं. गोष्ट कशी चालते हे सांगायची ती वाट इथल्याच माणसाने घालून दिली आहे.

सध्या एक मोठी संधी समोर आहे. जानेवारी २०२४ मध्ये निवृत्त झालेली 'आयएनएस गुलदार' ही युद्धनौका नौदलाने फेब्रुवारी २०२५ मध्ये राज्याच्या पर्यटन विकास महामंडळाकडे (एमटीडीसी) सोपवली. निवतीच्या समुद्रात ती तळाला बसवून पाण्याखालचं संग्रहालय आणि कृत्रिम प्रवाळभित्ती करायची ही योजना. बातम्या भरभरून आल्या, त्यांत 'देशातला पहिला' हे शब्द ठळक होते. मासळी वाढेल, पर्यटन वाढेल, असंही छापून आलं. वाढ मोजायची तर आधीचं माप हवं. निवती, भोगवे, खवणे इथल्या गिलनेटवाल्यांना जहाज येण्यापूर्वीच्या हंगामांत काय आणि किती मिळत होतं, हे आज त्यांच्या विक्रीच्या चिठ्ठ्यांतून आणि आठवणींतून गोळा करता येईल. जाळी जहाजात अडकली तर भरपाई कोण देणार, डुबकीच्या बोटी आल्यावर मासेमारीची कुठली जागा सुटणार, हेही आत्ताच विचारून, तारीख घालून छापता येईल. जिल्ह्यातल्या एखाद्या साप्ताहिकाने किंवा एखाद्या यूट्यूबरने हे काम अंगावर घ्यावं आणि दर हंगामाला त्याच माणसांकडे पुन्हा जावं.