आंदण आणि नवरी : कॅथरिन ऑफ ब्रागांझाचं एक चित्र

पोर्तुगीजांनी मुंबई इंग्रजांना आंदण दिली, हे आपण शाळेत शिकलो. पण आंदण म्हटलं की नवरी आलीच. ती दिसायची कशी, हे मात्र आपण सहसा विचारत नाही. म्हणून आज लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीतलं १६६०-६१ च्या सुमाराचं हे चित्र पाहू. ते डर्क स्टूप या डच चित्रकाराचं, किंवा त्याच्या चित्रावरून केलेलं मानतात.

आधी पोशाख बघा. गडद रंगाचा, पांढऱ्या लेसचा, आणि आत सांगाडा घालून दोन्ही बाजूंना फुगवलेला घागरा. केसही तसेच आडवे पसरलेले. वेलाझ्केझने १६५९ मध्ये रंगवलेली निळ्या पोशाखातली स्पॅनिश राजकन्या मार्गारिता आठवा. घेर तसाच, पण तिथे रेशीम चमचमतं, जणू हवा हलते. इथे सगळं ताठ. चित्रकाराचा हात तेवढा मोठा नाही, हे आपण मान्य करू.

तरीही हे चित्र आपल्याला महत्त्वाचं वाटतं. १६६१ चा विवाहकरार वाचला तर त्यात मुंबई आहे, टँजियर आहे, वीस लाख क्रुझादो आहेत. सगळा देण्याघेण्याचा हिशेब. चित्रात यातलं काहीच दिसत नाही. दिसते ती लिस्बनची एक तरुण मुलगी, आपल्या माहेरच्या वेशात. १६६२ च्या मे महिन्यात ती याच थाटात इंग्लंडला उतरली, तेव्हा दरबारी लोक तिच्या घागऱ्याला आणि केसांना हसले. रोजनिशीकार जॉन एव्हलिननेही तिच्या या वेशावर शेरा मारून ठेवलाय.

पुढे काय झालं, तेही चित्रांतच दिसतं. हुइसमान्सने तिला मेंढपाळीण केलं, लेलीने इंग्रजी दरबारी रेशमात बसवलं. ती चित्रं रंगकामात सरस आहेत, यात वाद नाही. पण त्यांत ती सासरच्या नजरेला रुचेल अशी झालीय. स्टूपच्या चित्रातला ताठपणा कौशल्याच्या उणिवेतून आला असेलही, पण आपल्याला तो तिचा स्वतःचा वाटतो.

मुंबई राजाने १६६८ मध्ये वर्षाला दहा पौंडांवर कंपनीला देऊन टाकली. कॅथरिन वैधव्यानंतर, १६९२ मध्ये, माहेरी परतली आणि पुढे पोर्तुगालचा राज्यकारभारही तिने काही काळ सांभाळला. आंदणाच्या गोष्टीत तिच्या वाट्याला एक ओळ येते. या चित्रात निदान तिचा चेहरा आहे. तो पाहिल्याशिवाय ती गोष्ट आपण पुरी सांगितली, असं म्हणू नये.