सूडकथा कोणाची?

फूलनदेवीचे नाव निघाले की चळवळीतल्या तरुणांचे डोळे चमकतात. ते स्वाभाविकच आहे. ज्यांच्या बायाबापड्यांवरील अत्याचाराची फिर्याद पोलीस ठाण्यात लिहूनही घेतली जात नाही, त्यांना बंदूक उचललेली बाई आपली वाटणारच. परंतु तिची कथा आपल्याला मिळाली ती बहुतांशी शेखर कपूर यांच्या 'बँडिट क्वीन' (१९९४) या चित्रपटातून. त्या कथेची तपासणी आपण कधी केली आहे काय?

फूलन ही जालौन जिल्ह्यातल्या एका खेड्यातली मल्लाहाची, म्हणजे नावाड्याची मुलगी. अकराव्या वर्षी तिचे लग्न तिशीतल्या पुरुषाशी लावले गेले. १९७९ मध्ये डाकूंनी तिला पळवले. टोळीतल्या ठाकुरांनी तिचा साथीदार विक्रम मल्लाह याला मारले आणि तिला बेहमई गावी कोंडून तिच्यावर सामूहिक बलात्कार झाले. १४ फेब्रुवारी १९८१ रोजी तिच्या टोळीने त्याच बेहमईत २० माणसे गोळ्या घालून मारली. पुढे दोन वर्षे ती फरारी होती. १२ फेब्रुवारी १९८३ ला भिंड येथे तिने शस्त्रे खाली ठेवली आणि खटल्यावाचून ११ वर्षे तुरुंगात काढली.

चित्रपट या आयुष्याला एकच सूत्र देतो: अत्याचार, बंदूक, सूड. पण तिचा पहिला झगडा जमिनीचा होता. बापाची जमीन चुलतभावाने बळकावली, तेव्हा ही पोर त्याला चारचौघांत भिडली. त्याच भावाच्या फिर्यादीवरून पोलिसांनी तिला चोर म्हणून पकडले. या तंट्याला चित्रपटात जवळजवळ जागा नाही. कारण उघड आहे. जमीन मागणारी बाई प्रस्थापित प्रेक्षकाला अडचणीची वाटते. सूड घेणारी बाई त्याला थरार देते आणि तो निर्धास्तपणे घरी जातो. आपल्यावर 'सत्यकथा' म्हणून काय लादले आहे, हे सांगायला फूलनला स्वतःला दिल्लीच्या उच्च न्यायालयात जावे लागले.

मी महाविद्यालयात शिकवतो. माझ्या घरात माझ्याआधी कोणी पदवी घेतली नव्हती. वर्गात या चित्रपटावर चर्चा झाली तेव्हा एक विद्यार्थी म्हणाला, "सर, बेहमई हाच खरा न्याय." मी त्याला विचारले, मेले ते कोण? टोळी ज्या दोघा ठाकूर भावांना शोधत होती, ते गावात सापडलेच नाहीत. मेले ते दुसरेच. आपण स्वतः गोळी झाडल्याचे फूलननेही नाकारले. ज्याने गुन्हा केला तो नाही, तर त्याच्या गावचा आणि जातीचा मिळेल तो मारायचा, हे गणित कोणाचे आहे? आपल्या वस्त्या पेटवणाऱ्यांचे! आपण ते उसने का घ्यावे?

ही कथा उलटी फिरते याचाही पुरावा आहे. २५ जुलै २००१ रोजी खासदार फूलनदेवीचा दिल्लीत खून झाला. मारेकऱ्याने तो बेहमईचा सूड म्हणून सांगितला. २००४ मध्ये तोही तिहार तुरुंगातून पळाला, दोन वर्षे फरारी राहिला आणि आपल्या जातीतल्या काहींचा नायक झाला. म्हणजे कथा तीच, फक्त नायक बदलला. आणि बेहमईच्या खटल्याचा निकाल? तो लागला फेब्रुवारी २०२४ मध्ये, ४३ वर्षांनी! ना फूलनला न्याय मिळाला, ना बेहमईच्या विधवांना.

याउलट लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' (१९८७) पाहा. ब्रिटिशांच्या १८७१ च्या कायद्याने जन्मतःच गुन्हेगार ठरवलेल्या जमातींपैकी एका जमातीतला हा लेखक. भूक, चोरी, पोलिसांचा मार हे सारे त्यात आहे. पण लेखक सूड मागत नाही, हिशेब मागतो. त्याची वाट सूतगिरणीतून कामगारांच्या संघटनेकडे जाते. शब्द त्याचा स्वतःचा आहे. फूलनला लिहिता येत नव्हते. तिचे आयुष्य पोलिसांनी, पत्रकारांनी आणि दिग्दर्शकांनी लिहिले.

विद्रोह आणि सूड यांतला हा फरक आपल्या समीक्षेने ठामपणे मांडला पाहिजे. फूलनची वेदना आपली आहे. तिच्या बापाची जमीन हा आपला प्रश्न आहे. बेहमईचा जयजयकार मात्र आपला नव्हे.