झाम्पानो कुठला?

मागच्या व्याख्यानात आपण उपमान प्रमाणापाशी थांबलो होतो. गाय पाहिलेला माणूस रानात जातो, 'गाईसारखा असतो तो गवय' हे त्याने कुणाकडून तरी ऐकलेलं असतं, आणि तसा पशू समोर आल्यावर 'हाच तो' असं त्याला कळतं. त्यावर एका श्रोत्यांनी विचारलं आहे की इटालियन आणि मेक्सिकन माणसं इतकी सारखी कशी दिसतात? त्यांचं मूळ एकच असेल का? प्रश्न आम्हाला आवडला, कारण त्यात दोन विधानं एकमेकांना चिकटून आली आहेत. ही माणसं सारखी दिसतात, हे एक. आणि सारखी दिसतात म्हणून ती एका कुळातली, हे दुसरं. आज ही दोन्ही सुटी करून बघू.

उपमानातून काय हाती लागतं याला नैयायिकांनी फार काटेकोर कुंपण घातलं आहे. 'गवय' हा शब्द कोणत्या वस्तूला लावायचा, एवढंच कळतं. मीमांसक म्हणतात, समोरच्या गवयामुळे घरच्या गाईतलं त्याच्याशी असलेलं साम्य कळतं. दोघांचा वाद मोठा आहे, पण गवय हा गाईचा चुलतभाऊ आहे असं त्यात कुणीच म्हणालेलं नाही. कुमारिलांच्या मते सादृश्य म्हणजे पुष्कळ अवयव समान असणं. ठीक. पण कोणते अवयव मोजायचे आणि कोणते सोडायचे? अमेरिकन तत्त्वज्ञ नेल्सन गुडमन यांनी विसाव्या शतकात याच दुखऱ्या जागी बोट ठेवलं. कशाच्या बाबतीत, ते सांगितल्याशिवाय 'सारखं आहे' या म्हणण्याला फारसा अर्थ उरत नाही. केस काळे, डोळे तपकिरी, वर्ण गव्हाळ, एवढ्यावर थांबलं तर इटालियन माणूस मेक्सिकन माणसासारखा आहे, लेबनॉनमधल्यासारखा आहे, इराणमधल्यासारखा आहे, आणि खरं सांगायचं तर सदाशिव पेठेतल्या बऱ्याच मंडळींसारखाही आहे.

मग नेमका मेक्सिकनच का आठवला? आमचं उत्तर असं, की आपण ही माणसं रस्त्यावर फारशी पाहिलेलीच नाहीत. आपण त्यांना पडद्यावर पाहिलंय.

फेलिनीचा 'ला स्त्रादा' घ्या, १९५४ चा. छातीवरची साखळी तोडून दाखवणारा तो दांडगा झाम्पानो आठवतो ना? गावोगाव फिरणारा, जेल्सोमिनाला जनावरासारखं वागवणारा. इटालियन दारिद्र्याचा चेहरा म्हणून तो कित्येकांच्या मनात बसला आहे. तो नट अँथनी क्विन, जन्म १९१५, मेक्सिकोतल्या चिवावाचा. आई मेक्सिकन, वडिलांचे वडील आयर्लंडचे. इटालियन प्रतीत त्याच्या तोंडी आवाजसुद्धा दुसऱ्याचा आहे. पुढे हाच क्विन 'लॉरेन्स ऑफ अरेबिया'त अरब टोळीप्रमुख झाला, 'झोर्बा द ग्रीक'मध्ये ग्रीक झाला, आणि त्याआधी १९५२ च्या 'व्हिवा झपाटा'त मेक्सिकन होऊन त्याने ऑस्कर घेतलं होतं. आता कुणी म्हणतं, 'बघा, मेक्सिकन माणूस इटालियन म्हणून किती सहज खपतो!' खपतो. पण त्याच 'ला स्त्रादा'त डोंबाऱ्यासारखा तारेवर चालणारा जो हसरा तरुण आहे, तो रिचर्ड बेसहार्ट अमेरिकेतल्या ओहायो राज्यात जन्मलेला. तोही इटालियन म्हणून तितकाच खपतो. इटालियन आणि ओहायोवाले एका रक्ताचे, असा निष्कर्ष आजवर कुणी काढल्याचं आमच्या कानावर नाही. पुरावा एकाच जातीचा, एकाच चित्रपटातला. तरी आपण त्यातला अर्धा उचलतो आणि अर्धा टाकतो, कारण काय शोधायचं ते आधीच ठरलेलं असतं.

उलट बाजूही पाहा. सर्जिओ लिओनेच्या 'अ फिस्टफुल ऑफ डॉलर्स'मधला (१९६४) क्रूर रामोन, आणि पुढच्या वर्षीच्या चित्रपटातला एल इंदिओ, हे दोन्ही मेक्सिकन दरोडेखोर साकारले जान मारिया व्होलोन्तेने. तो मिलानचा. 'द गुड, द बॅड अँड द अग्ली'मधला तुको म्हणजे एली वॉलक, पोलंडहून आलेल्या ज्यू आईबापांचा ब्रुकलिनमध्ये वाढलेला मुलगा. आणि ज्या उजाड माळावर हे घडतं तो बराचसा स्पेनमधल्या आल्मेरियाचा. म्हणजे इटालियन दिग्दर्शकाने, स्पेनच्या धुळीत, इटालियन आणि ज्यू नटांना घेऊन मेक्सिको उभा केला, आणि तो पाहून आपण म्हणतो, मेक्सिकन लोक इटालियनांसारखे दिसतात हो! दिसणारच. दाखवलेले इटालियनच आहेत.

लिओने मोठा दिग्दर्शक आहे, यात शंका नाही. पण त्याचा मेक्सिकन घाम, मिशा, न घासलेले दात आणि फार जवळून घेतलेल्या चेहऱ्यावर चालतो. दामियानो दामियानीच्या 'किएन साबे'मध्ये तोच व्होलोन्ते एल चुंचो होतो. मिशा त्याच, पण माणूस निराळा. क्रांतीला बंदुका विकणाऱ्या या लुटारूला हळूहळू कळतं की आपल्याला मित्र म्हणवणाऱ्या गोऱ्याने आपल्याला कशासाठी वापरलं. आमच्या मते मेक्सिकन भूमिकेतलं व्होलोन्तेचं हे सर्वांत चांगलं काम, कारण इथे प्रेक्षक चेहऱ्याकडून जात ओळखायचं सोडून त्या माणसाला काय उमगतंय ते पाहू लागतो.

या सगळ्याच्या फार आधीचं एक उदाहरण आहे, आणि तत्त्वज्ञानाच्या वर्गात शिकवावं इतकं ते स्वच्छ आहे. १९२० चा 'द टायगर्स कोट' हा हॉलिवूडचा मूकपट. एक तरुणी स्कॉटिश म्हणून घरात येते, घरातला श्रीमंत पुरुष तिच्या प्रेमात पडतो, लग्न ठरतं. मग कळतं की ती मेक्सिकन मोलकरीण आहे, आणि तो मागे सरतो. ही भूमिका केली होती तीना मोदोत्तीने. जन्म १८९६, इटलीच्या ईशान्येकडचं उदिने. आता बघा, कळण्याआधीचा चेहरा आणि कळल्यानंतरचा चेहरा यांत तसूभर फरक नाही. नाक तेच, वर्ण तोच. बदललं ते नायकाच्या कानावर आलेलं एक वाक्य. त्यानंतर त्याला जे 'दिसतं' ते डोळ्यांनी दिसत नाही.

जाता जाता. ही मोदोत्ती पुढे खरोखरच मेक्सिकोत गेली, थोर छायाचित्रकार झाली, आणि आपल्या वर्ध्याच्या पांडुरंग खानखोजे यांच्या मक्यावरच्या कामाची छायाचित्रं तिने तिथे काढली. १९३० मध्ये मेक्सिकोने तिला परकी आणि धोकादायक ठरवून हाकललं. दिसण्यात ती मेक्सिकन म्हणून खपत होती, त्याचा उपयोग शून्य.

आता कुळाकडे येऊ. मेक्सिकोचा समाज मुख्यतः तिथले मूळ रहिवासी आणि स्पेनहून आलेले लोक यांच्या मिश्रणातून घडला. त्यात गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकनांचा वाटा आहे, आणि मनिला ते आकापुल्को चालणाऱ्या जहाजांतून आलेल्या आशियाई लोकांचाही थोडा. हे मिश्रण सर्वत्र सारखं नाही. उत्तरेकडे युरोपीय अंश जास्त, दक्षिणेकडे ओआहाका, चियापासमध्ये मूळ रहिवाशांचा. 'मेक्सिकन चेहरा' असा एक साचा काढायचा तर आधी कुठल्या गावाचा ते विचारावं लागेल. इटलीचंही तेच. सार्डिनिया आणि आल्प्सच्या पायथ्याची गावं यांना एका चेहऱ्यात कसं कोंबणार? स्पॅनिश पूर्वजांमार्फत भूमध्य समुद्राकाठचं काही दूरचं नातं दोघांत आहे, ते नाकारायचं कारण नाही. पण थेट इटालियन वस्ती शोधायला गेलात तर प्वेब्लाजवळचं चिपिलो सापडतं. १८८२ मध्ये व्हेनेतोहून आलेल्या शेतकऱ्यांचं गाव, आजही तिथे व्हेनेतोची बोली ऐकू येते. गंमत अशी की ते गाव आसपासच्यांपेक्षा वेगळं म्हणूनच ओळखलं जातं. इटालियन रक्त खरोखर मोठ्या प्रमाणावर पोचलं ते अर्जेंटिनात. साम्याची चर्चा करणारे तिकडे क्वचितच वळतात.

'दोघेही लॅटिन' असंही म्हणतात. लॅटिन ही भाषा आहे. तिच्यातून इटालियन निघाली, स्पॅनिश निघाली, आणि सगळ्या 'लॅटिन' अमेरिकेची कल्पना एकोणिसाव्या शतकात फ्रान्सने आपल्या साम्राज्याच्या सोयीसाठी उचलून धरली. भाषेचं गोत्र माणसांना चिकटवण्याचा हा खेळ आपल्याला नवा नाही. 'आर्य' शब्दाचं काय झालं ते आपण भोगलंच आहे. रिस्लेसाहेबांनी तर नाकाची रुंदी मोजून आपल्या ब्राह्मणांना आणि कुणब्यांना एकत्र 'सिथो-द्रविड' ठरवून टाकलं!

हे सारं गप्पांपुरतं राहिलं असतं तर आम्ही एक तास खर्च केला नसता. अमेरिकेच्या सरकारी कागदांत इटालियन स्थलांतरित उत्तरेचा की दक्षिणेचा, याची वेगळी नोंद होत असे, दोन वंश असल्यासारखी. १९३० च्या जनगणनेत 'मेक्सिकन' हा वंश म्हणून आला, १९४० ला गेला. दहा वर्षांत कुणाचीही हाडं बदलली नव्हती. पण त्याच दशकात लाखो लोकांना मेक्सिकोत धाडण्यात आलं, आणि त्यांत अमेरिकेतच जन्मलेले नागरिक पुष्कळ होते. कॅलिफोर्नियात उलटाही प्रकार घडला. वेगळ्या वंशांच्या लग्नाला तिथे कायद्याची आडकाठी होती, पण पंजाबी शेतकरी आणि मेक्सिकन मुलगी समोर उभी राहिली की कचेरीतल्या कारकुनाला दोघांचा रंग सारखा दिसे आणि परवाना मिळे. इथे साम्याने संसार उभे केले.

शेवटी १९७५ चा एक निकाल सांगतो. ब्रिग्नोनी-पोन्से नावाचा खटला. सीमेवरच्या गस्ती पोलिसांनी सान क्लेमेंतेच्या दक्षिणेला एक मोटार अडवली. कारण एकच, आत बसलेले तिघं मेक्सिकन वंशाचे दिसत होते. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की नुसतं दिसणं पुरेसं कारण नाही, पण इतर कारणांच्या जोडीने ते विचारात घ्यायला हरकत नाही. तेव्हा झाम्पानोच्या चेहऱ्याचा एखादा इटालियन त्या रस्त्याने गेला असता तर अडवला गेला असता की नाही? आणि त्याच चेहऱ्याचा, तिथेच जन्मलेला नागरिक? सरकारचा दावा, आणि तो निकालपत्रात नोंदलेला आहे, असा होता की अनुभवी अधिकाऱ्याला मेक्सिकोत राहणारा माणूस ओळखता येतो. कशावरून? त्यात दिलेल्या खुणा दोन आहेत: कपड्यांची पद्धत, आणि केस कापण्याची पद्धत.

चला, आता प्रश्न घेऊ.