२१७ मधले ८

शेगावच्या पालखीच्या परतीच्या दिवशी खामगावहून शेगावपर्यंत तुम्ही कधी चालला असाल, तर टाळांची लय चढली की अंगावर येणारा काटा मी समजावून सांगायला नको. ‘भजनाने डोपामिन वाढतं’ असं कुणी म्हटलं, की पुराव्याला बहुधा एकच पेपर पुढे येतो : सलीमपूर, झाटोरे आणि सहकारी, ‘नेचर न्यूरोसायन्स’, २०११. तो आपण नीट वाचू.

पेपर वाईट नाही. उलट त्याची रचना मला फार आवडते. आवडतं संगीत प्रत्येकाने स्वतः आणायचं, आणि एकाचं आवडतं तेच दुसऱ्यासाठी तुलनेचं. म्हणजे ‘ती धूनच तशी होती’ ही शंका बऱ्यापैकी मिटते.

अडचण मोजमापात आहे. पेट स्कॅनमध्ये रॅक्लोप्राइड हे किरणोत्सारी रसायन देतात. ते डोपामिनच्या डी-२ ग्राहींवर बसतं. डोपामिन सुटलं की त्याला जागा कमी मिळते. म्हणजे थेट डोपामिन नाही, ही कमी झालेली जागा मोजली जाते, तीही अख्ख्या स्कॅनची मिळून. मग शहाऱ्याआधी कॉडेट आणि ऐन शहाऱ्याला न्यूक्लियस अक्युम्बेन्स, ही गाजलेली विभागणी आली कुठून? त्याच लोकांच्या वेगळ्या एफएमआरआयमधून, जिथे रक्तातल्या ऑक्सिजनचे बदल दिसतात. दोन तुकडे जोडून काढलेला हा तर्क आहे. चांगला आहे, पण तर्कच.

आणि लोक कोण? २१७ जणांमधून निवडलेले ८. वाद्यसंगीताने ज्यांना हमखास शहारे येतात असेच. शब्द मुद्दाम वगळले होते.

आता दिंडी बघा. तिथे आधी शब्द. गळा तुमचाच, हातात टाळ, पायात चाल, आजूबाजूला माणसंच माणसं. कॉडेटचा तर हालचालीशीही संबंध आहे! यातल्या कशाचा शहारा, हे त्या ८ जणांवरून कसं सांगणार?

२०१९ चा फेरेरी आणि सहकाऱ्यांचा ‘पीएनएएस’मधला पेपर एक पाऊल पुढे जातो. २७ जणांना लेव्होडोपा दिल्यावर संगीताचा आनंद वाढला, रिस्पेरिडोनने घटला. इथे कारणापर्यंत पोचता येतं. पण तिथेही माणसं ऐकत होती, गात नव्हती.

सिनॉप्सिस लिहिणार असाल तर एकच अभंग, तीच माणसं घ्या : बसून ऐकणं, बसून गाणं, गात चालणं. त्वचेची विद्युतवाहकता मोजायला जाऊ नका, चालताना घामच मोजाल. आणि शहारा आला की बटण दाबायचं म्हणाल, तर दोन्ही हातांत टाळ असताना ते कसं, हे मलाही अजून सुटलेलं नाही.