डरेल यांच्या प्राणिसंग्रहालय-चित्रणातील सेवकवर्ग

जेराल्ड डरेल (१९२५–१९९५) यांची गणना सामान्यतः विनोदी प्रवासलेखकांत केली जाते. या रूढ वर्गीकरणामुळे त्यांच्या ‘बीस्ट्स इन माय बेल्फ्री’ (१९७३) या ग्रंथाचे गंभीर परीक्षण सहसा होत नाही. जमशेदपूर येथे जन्मलेले डरेल १९४५ साली, वयाच्या विसाव्या वर्षी, इंग्लंडमधील व्हिप्स्नेड प्राणिसंग्रहालयात शिकाऊ प्राणिपालक म्हणून रुजू झाले. लंडनच्या प्राणिशास्त्रीय संस्थेने १९३१ साली खुले केलेले हे उद्यान तेथील विस्तीर्ण कुरणांमुळे ख्यात झाले होते. तेथील वास्तव्याचे कथन हा प्रस्तुत ग्रंथाचा विषय होय.

ग्रंथाचे खरे सामर्थ्य दैनंदिन कामाच्या वर्णनात आहे. प्राण्यांच्या हिताची चर्चा येथे झाडू, बादली, मांसाचे तुकडे व दारांचे अडसर यांच्या निमित्ताने होते. पेर डेव्हिड हरणांच्या पाडसांचे प्रकरण या दृष्टीने सर्वोत्कृष्ट मानावे लागेल. ही जात मूळच्या चीन देशात १९०० च्या सुमारास नष्ट झाली. ड्यूक ऑफ बेडफर्ड यांनी वोबर्न येथे जोपासलेल्या कळपामुळेच ती तगली. त्या कळपातील नवजात पाडसांना बाटलीने दूध पाजण्याचे काम डरेल यांच्याकडे आले. एका संपूर्ण जातीचे भवितव्य अपुरी झोप झालेल्या एका तरुणाच्या हातातील बाटलीवर येऊन ठेपते. पण लेखक त्याचा गाजावाजा करीत नाही. दुधाची ऊब, पाडसांचे ढुशा देणे, वेळेची ओढाताण एवढेच तो सांगतो. हा संयम ग्रंथात सर्वत्र असता तर बरे झाले असते.

स्विस शास्त्रज्ञ हाइनी हेडिगर यांनी १९४२ साली प्रसिद्ध केलेल्या बंदिवासातील वन्य प्राण्यांविषयीच्या ग्रंथात प्राण्याला लागणारे अंतर, आडोसा व स्वतःचा प्रदेश यांचे शास्त्र मांडले. शास्त्रज्ञ निरीक्षणातून जेथे पोचतो तेथेच प्राणिपालक अंगमेहनतीतून पोचतो. सिंहाचे आवार साफ करावयाचे तर प्रथम त्याला मांसाच्या आमिषाने आत घेऊन कोंडावे लागते. तो केव्हा येईल व केव्हा येणार नाही, हे ज्याला कळते त्याला त्या प्राण्याचे मन बरेच कळले असे म्हणता येईल.

परंतु हे ज्ञान ज्यांच्यापाशी होते त्या वयोवृद्ध पालकांचे चित्रण मात्र ग्रंथाची दुबळी बाजू आहे. सिंह, अस्वल, जिराफ यांना येथे स्वतंत्र स्वभाव लाभतात. पालकांच्या वाट्याला बहुधा लकबी येतात. त्यांची ग्रामीण बोली उच्चारासह टिपून हशा पिकविला जातो. (ग्राम्य बोलणारा नोकर दिसताच हसावयाचे, हा संकेत आपल्या रंगभूमीलाही अपरिचित नाही.) त्यांचा संसार, म्हातारपणाची तरतूद, हिंस्र पशूंच्या सान्निध्यात वर्षानुवर्षे वावरल्याने अंगवळणी पडलेली सावधगिरी यांना फार थोडी जागा मिळते.

याचे एक कारण ग्रंथाच्या रचनाकालात शोधता येते. वर्णिलेला काळ १९४५–४६ चा असला तरी लेखन जवळजवळ सत्तावीस वर्षांनंतरचे आहे. मधल्या काळात, १९५९ साली, डरेल यांनी जर्सी बेटावर स्वतःचे प्राणिसंग्रहालय स्थापन केले होते. शिकाऊ पोराच्या तोंडून बोलणारा निवेदक प्रत्यक्षात एका संस्थेचा प्रमुख आहे. त्यामुळे व्यवस्थेतील उणिवा त्याला अचूक दिसतात. त्या उणिवा पदोपदी भरून काढणारी माणसे मात्र त्याच्या नजरेला गमतीदार वाटतात. ‘मेनेजरी मॅनर’ (१९६४) मध्ये पैशाची विवंचना तो मोकळेपणाने सांगतो, पण ती संस्थापकाची विवंचना आहे. पाडसांच्या प्रकरणात हा दोष जाणवत नाही, कारण तेथे बाटली धरणारा पालक स्वतः डरेलच आहे.